नकलेत नसलेलं वाक्य

आम्ब्रोज थर्केलनं बत्तीस वर्षांत रंगभूमीवर एकोणीस मुलींची लग्नं लावून दिली होती. स्वतःचं तेवढं राहून गेलं. बाप, बटलर नाहीतर पाद्री, एवढंच त्याच्या वाट्याला यायचं. सोमवार ते शनिवार एका गावात प्रयोग, रविवारी आगगाडी, आणि सोमवारी दुसरं गाव. इंग्लंडातल्या सगळ्या लँकशायर परगण्यात त्याला चेहऱ्यानं ओळखणारे पुष्कळ होते, पण जेवलास का म्हणून विचारणारं कुणी नव्हतं.

बर्नली गावात मात्र ऑर्मरॉडबाई होत्या. गिरणीतल्या मुकादमाची विधवा, पंचेचाळिशीची, चांगलीच फटकळ. दर ऑक्टोबरात आठवडाभर तो त्यांच्याकडे भाड्यानं उतरायचा, त्याला आता नऊ वर्षं झाली होती. दुपारी बाई बटाटे सोलायच्या आणि त्याची नक्कल समोर ठेवून पाठ म्हणवून घ्यायच्या. नटाला अख्खं नाटक कधी हातात मिळत नसे. नकलेत फक्त आपली वाक्यं, आणि दुसऱ्याच्या वाक्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द बाई म्हणायच्या, आणि तो चुकला की त्याला झाडायच्या. वर्षभरात त्याच्यावर हक्कानं ओरडणारं माणूस ते एवढंच, आणि ते ओरडणं त्याला फार हवंहवंसं वाटायचं.

यंदा तो मनाशी ठरवून आला होता. नाटक कंपनीच्या मॅनेजरला पुढच्या दौऱ्याच्या करारावर शुक्रवारपर्यंत सही हवी होती. बाई हो म्हणाल्या तर सही करायची नाही, इथंच राहायचं. पोस्टात नाहीतर एखाद्या दुकानात काही ना काही काम मिळेलच.

मंगळवारी दुपारी शेवटचं पान संपलं. त्यानं डोळे मिटले आणि एका दमात बोलून टाकलं, "मी थकलोय आता. दर रविवारी निघून जायचं नाही मला. या टेबलाशी बसून म्हातारं व्हायचंय. माझ्याशी लग्न कराल?"

बाईंनी पान उलटलं, परत मागं आल्या. "हे कुठंय? मला सापडत नाही बाई."

हे माझं आहे, नाटकातलं नाही, एवढंच थर्केलला सांगायचं होतं. पण भित्रा माणूस, भलतंच बोलून बसला. "नवा प्रवेश आहे. कागद अजून यायचाय."

"मग डोळे कशाला मिटता? मागणी घालताय की दात काढून घेताय? पुन्हा म्हणा बघू, तिच्याकडे बघून."

त्यानं बाईंकडे बघून पुन्हा म्हटलं. या खेपेला आवाज कापत होता.

"हां, आता कसं. घसा दाटला तो तसाच ठेवा," बाई म्हणाल्या. "आणि ती काय म्हणते?"

"माझ्याकडे फक्त माझीच वाक्यं असतात."

"हो की. पण मला वाटतं नाहीच म्हणेल. नटाचा काय भरवसा? आज इथं, उद्या प्रेस्टनला." आणि त्यांनी बटाटे पातेल्यात टाकले.

शुक्रवारी त्यानं सही केली.

रविवारी सकाळी बाई दारापर्यंत आल्या. वाटेत खायला त्यांनी ब्रेड-चीजचं पुडकं बांधून दिलं होतं.

"तुमचा तो नवा प्रवेश झाला का हो काल?"

"नाही. गाळला."

"गाळला? चांगला होता की." बाई जराशा घुटमळल्या. "मी त्या दिवशी उगाच बोलले, मिस्टर थर्केल. आठवडाभर त्या बाईचाच विचार करतेय. ती हो म्हणाली असती. लगेच म्हणाली असती."

सही केलेला कागद फाडता येतो, हे त्याला ठाऊक होतं. जन्मभर दुसऱ्यांनी लिहून दिलेलं बोलणारा तो माणूस हातात बॅग घेऊन तसाच उभा राहिला. मग त्यानं निरोपादाखल डोक्यावरची टोपी जराशी उचलली.

"लेखकाला कळवतो," तो म्हणाला, आणि पायऱ्या उतरून स्टेशनकडे चालू लागला.