विलासच्या भिंतीलगतची विहीर

आता जे सांगतो त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. माझी हरकत नाही. माझ्यावर विश्वास न ठेवणं हा आमच्या गल्लीचा जुना रिवाज आहे. पण मी, अच्युत, वय सत्तरीच्या पलीकडे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, आनंद नगरातल्या माझ्या घराच्या अंगणात एकट्यानं, हातानं विहीर खणली. आणि तिला असं पाणी लागलं की भोपाळच्या मोठ्या तलावानं लाजून बोटभर खाली उतरावं.

हे मी पहिल्यांदा सांगितलं ते मलब्यानं भरलेल्या डंपरसमोर. डंपर आमच्या फाटकात पाठ करून उभा होता. माझ्या मुलानं, केदारनं, तो मागवला होता. विहीर बुजवायला.

"बाबा, बाजूला व्हा."

"ड्रायव्हरला चहा तर घेऊ दे."

"झाला त्याचा चहा. होळीपर्यंत पाणी लागलं नाही तर भरून टाकीन, हे मी तुम्हाला सांगितलं होतं. होळी झाली. मला गाडी लावायला जागा पाहिजे."

केदारची गाडी रस्त्यावर, शेजारच्या विलासच्या फाटकाशी उभी राहायची आणि सकाळी तिच्या चाकात हवा नसायची. विलासला विचारलं की तो म्हणायचा, भोपाळची हवाच पातळ आहे. आत्ताही तो मधल्या भिंतीवर कोपरं टेकून उभा होता. फुकटचा तमाशा तो सहसा सोडत नाही.

या विलासचं सांगायलाच हवं. कारखान्यात मी बोरिंग मशीनवर होतो. लोखंडाला भोकं पाडण्यात जन्म गेला. हा तपासणीत. माझा प्रत्येक जॉब याच्या हाताखालून जायचा आणि येताना लाल फुली घेऊन यायचा. भोक केसभर मोठं आहे, म्हणायचा. स्वतःच्या डोक्यावर केस नव्हता तेव्हापासून म्हणायचा. मी रिटायर झालो तेव्हा निरोप समारंभात माईक हातात आला आणि मी बोलून गेलो, आता स्वतःच्या हातानं विहीर खणणार. टाळ्या पडायच्या आत पुढच्या रांगेतून याचा आवाज आला, "वाकडी खणेल."

झालं. दुसऱ्या दिवशी कुदळ आणली. जागा मुद्दाम याच्या भिंतीलगतची धरली.

"दादाजी, पल्टा दूँ?" ड्रायव्हरनं खिडकीतून विचारलं.

"अरे पानी लगा हुआ है उसमें! पानी में मलबा डालोगे? पाप लगेगा," मी म्हणालो.

केदारनं कपाळाला हात लावला. "कधी लागलं पाणी? झूठ की भी हद होती है, बाबा."

"ऐक तर. सुरुवातीपासून ऐक."

सुरुवात काय, कोणालाही जमते. वरची काळी माती लोण्यासारखी निघाली. आमच्या हिनं, कांचननं, नारळ फोडला. गोविंदपुऱ्यातल्या कारखान्यातले जुने सोबती येऊन हार घालून गेले, हाराच्या वजनानं मी तसाच थोडा खाली गेलो. मग मुरूम लागला. तोही फार भांडला नाही. आणि मग लागला काळा खडक, आणि बघे आटले.

खडकात दिवसभर छिन्नी मारावी तेव्हा ओंजळभर चुरा निघतो. वर बघावं तर आभाळ ताटलीएवढं. खाली बघावं तर कालचाच खडक, कालच्याच जागी, दात विचकून. माती निघत होती तेव्हा लोक विचारायचे, किती झाली? पाणी लागल्यावरही विचारतील, किती आहे? मधल्या त्या खडकात उभ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. कांचन वरून बादली ओढायची आणि बोलायची. "माझा मोगरा गेला या खड्ड्यात. आता हे जाताहेत. निदान मोगऱ्याला वास होता." खडक एवढा कठीण की ठिणग्यांवर मी विडी पेटवायचो. छिन्नीला धार लावता लावता लोहाराच्या मुलीचं लग्न झालं.

"तुम्हाला विडी ओढताना मी कधी पाहिलं नाही," केदार म्हणाला.

"खाली ओढायचो. तुझ्या आईला वास नको म्हणून."

मग मला काम करायला लावायचा कोण? हा! भिंतीवरचं हे गिधाड! रोज संध्याकाळी डोकं आत घालून विचारायचा, "अच्युतराव, आहात का?"

"आहे!"

"अरेरे," म्हणून निघून जायचा. त्या 'अरेरे'वर मी दुसरा दिवस काढायचो. खडकाला मी त्याचं नाव दिलं होतं. घाव घातला की म्हणायचो, घे विलास. एकदा हा मुलीकडे पुण्याला गेला, शर्वरीकडे, आणि इकडे माझा हातोडाच उठेना. वर शांतता, खाली शांतता. शेवटी मीच फोन लावला. म्हटलं, "विलासराव, एखादी शिवी द्या." माणूस नीच असला तरी कामचुकार नाही. दिली त्यानं, अगदी आईवडिलांसकट. संध्याकाळपर्यंत हातभर खडक निघाला.

भिंतीवरून विलास थुंकला. आमच्या बाजूला.

"आणि पाणी?" केदारनं विचारलं. त्याचा आवाज आता चढला होता. "स्टोरी नको, बाबा. पाणी कुठाय ते दाखवा."

पाण्याचं असं झालं. गेल्याच आठवड्यात मी रोजच्यासारखा खाली उतरलो. रोज उतरतो मी, कोणालाही विचारा. पहार मारली, आणि पहार गेली की आत! ती गेली आणि पाणी आलं. आलं म्हणजे असं आलं की मी कुदळीसकट उडालो तो थेट विलासच्या गच्चीवर, त्याच्या वाळत घातलेल्या धोतरात. पाण्याबरोबर मासे आले. एक मासा हबीबगंज स्टेशनपर्यंत गेला म्हणतात. स्टेशनचं नाव बदललंय हे त्याला ठाऊक नव्हतं म्हणून तो उतरला नाही.

ड्रायव्हर खिदळला. केदार हसला नाही. पायाजवळचा एक दगड उचलून त्यानं विहिरीत टाकला. आम्ही सगळे ऐकत राहिलो. ठक.

"कासवाच्या पाठीवर पडला," मी म्हणालो.

"बाबा!"

"अरे, हे आपल्या भागातलं पाणी आहे, शिफ्टनं येतं. सकाळच्या भोंग्याला येतं, दुपारी उतरतं. आत्ता मधली सुट्टी असेल."

कांचन दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं ही तरी गप्प बसेल. ती म्हणाली, "केदार, भरून टाक. सोड यांना. मला या माणसाला रोज त्या भोकात उतरताना बघायचं नाही. एक दिवस यांचे गुडघे सुटतील आणि मला विलासरावांना हाका माराव्या लागतील. त्यापेक्षा मी मरेन."

"मी येणारही नाही," विलास भिंतीवरून म्हणाला.

"बघा!" कांचन म्हणाली.

मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो, पाय आत सोडून. म्हटलं, टाक. माझ्यावर टाक मलबा. केदारनं मान फिरवली आणि ड्रायव्हरला हातानं खूण केली, थोडा और पीछे. डंपर घरघरला. चाकं माझ्या पाठीपासून परातभर अंतरावर येऊन थांबली.

"शेवटचं विचारतो. पाणी आहे?"

"आहे. शपथ घेतो. कासवाची."

"खोटं बोलतोय!"

विलास भिंत चढत होता. या वयात, लुंगी खोचून, एक पाय इकडे, एक तिकडे. भिंतीवरच्या काचा त्यानं स्वतःच लावल्या होत्या. त्यातली एक त्याला लागली आणि त्यानं मला शिवी दिली. मग तो आमच्या अंगणात धप्पकन उतरला.

"थेंब नाही खाली. ओल नाही. हा दूध आणायला गेला होता ना आज सकाळी, तेव्हा मी उतरलो होतो. बुजवणार म्हणजे एकदा तळ बघून घेतला पाहिजे. अर्धवट जॉब मी जन्मात नापास केलेला नाही. जॉब मशीनवरून उतरल्याशिवाय तपासणाऱ्यानं त्याला हात लावायचा नाही, हे या गाढवाला आयुष्यभर कळलं नाही."

"काका, तुम्ही खाली उतरलात?" केदार म्हणाला.

"कोपऱ्यात याचीच पहार पडली होती. मारली. खडक संपलाय. भुसभुशीत लागलंय, पहार हातभर आत गेली. अशाच थराखाली पाणी असतं. ए भय्या, गाडी आगे ले!"

ड्रायव्हरनं केदारकडे पाहिलं. केदारनं माझ्याकडे. मी कासवाबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"मग बाबांना कसं नाही कळलं?" केदारनं विचारलं. "रोज तर उतरतात."

"रोज?" विलास माझ्या अंगावरच आला. "वरच्या टप्प्यावर बसतोस तू! तिथं तू खाल्लेल्या सेव-परमलची रिकामी पाकिटं पडलीत. त्याच्या खालच्या प्रत्येक पायरीवर कोळ्यानं जाळं विणलंय, सगळी माझ्या तोंडाला लागली. खोटारड्या, दिवाळीपासून तू तळाला गेलेलाच नाहीस!"