निळ्या पाण्यातला थेंब

“जेवून आलात ना, फर्डिनंडभाऊ?” मनोरमाने विचारलं आणि तिची तिलाच लाज वाटली. रक्त द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे विचारत आली होती, तोंडाला वळणच पडलं होतं. पण आज फर्डिनंड यायलाच नको होता. त्याने रक्त देऊन दोन आठवडेही झाले नव्हते, आणि मध्ये तीन महिने जावे लागतात हे त्या दोघांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

“जेवलो. बायकोनं दोन अंडी पण बळंच खायला घातली,” रक्तपेढीच्या पायरीवर चपला काढत फर्डिनंड म्हणाला. “आत तुम्ही काय बोलू नका, वहिनी. मी बोलतो.”

मनोरमाने मान हलवली. मान हलवण्यानेच सगळा घात झाला होता, तरी पुन्हा हलवली.

तिची क्षितिजा नऊ वर्षांची. तिला थॅलेसेमिया. अंगातलं रक्त टिकत नाही, दर तीन आठवड्यांनी दुसऱ्याचं भरावं लागतं. त्यात गट ओ निगेटिव्ह, म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. तरी देवमाणसं मिळाली. पापडीचा फर्डिनंड, वालीवच्या कारखान्यातला जितेंद्र, शाळेतल्या सुनंदाबाई आणि मेरी नर्स. चौघांनी आपसात नंबर लावून घेतले होते. वाडीतल्या रहाटासारखं होतं ते, एक पोहरा रिकामा होऊन खाली जाई तोवर दुसरा भरून वर येई. या रहाटावर पोर जगत होती, दोरीवरच्या उड्या मारत होती, शाळेत मार खात होती.

अशा माणसांना द्यायचं तरी काय? उमेळ्याच्या वाडीत राजेळी केळी होती. मनोरमा ती सोलून उन्हात सुकवायची आणि वाळक्या केळीच्या पानात सुकेळ्यांचे पुडे बांधायची. रक्त देऊन उठलेल्या माणसाच्या हातात पुडा ठेवल्याशिवाय तिने कुणाला कधी जाऊ दिलं नाही. पण सुकेळी म्हणजे काही आभार नव्हेत, असं तिला वाटत राहायचं. एकदा चौघांना चारचौघांत बसवावं, शाल-नारळ द्यावा, लोकांना कळावं. तिने नाक्यावरच्या मंडळाच्या परेशला गाठलं. परेशला कार्यक्रम म्हटला की भूक लागत नसे. त्याने मांडव घातला, माईक आणला आणि ‘आभाराला शोभा येईल’ म्हणून मुंबईहून रक्तदानाची गाडीही बोलावली.

एप्रिलची संध्याकाळ होती. शाली झाल्या, नारळ झाले. क्षितिजाने चौघांना फुलं दिली. मग परेशने माईक हातात घेतला. “ज्यांचा सत्कार, त्यांच्याच हातानं शिबिराची सुरुवात होऊ द्या.” बाकी तिघांचे नंबर नुकतेच होऊन गेलेले. भरलेला होता एकटा फर्डिनंड, आणि त्याचा नंबर पुढच्याच आठवड्यात होता.

तो खुर्चीतून अर्धा उठला आणि त्याने मनोरमाकडे पाहिलं.

“ताई, काळजी कशाला?” परेश तिच्या कानाशी लागला. “त्यांना कार्ड मिळतं. कार्ड दाखवलं की बाटलीच्या बदल्यात बाटली.”

सगळा मांडव बघत होता. आभाराच्या दिवशी नाही कसं म्हणायचं? मनोरमाने मान हलवली. टाळ्या पडल्या, आणि तिनेही वाजवल्या.

गाडी गेली, बाटली गेली, कार्ड राहिलं. मनोरमाचा नवरा चंद्रहास ते कार्ड खिशात घालून मुंबईतल्या रक्तपेढ्यांचे उंबरे झिजवून आला. मे लागला होता, कॉलेजं बंद, रक्त देणारी मुलं गावी. “कार्ड सगळ्यांनी बघितलं गं,” घरी आल्यावर तो बायकोला म्हणाला. “कुणी खोटं नाही म्हटलं. रक्तच नाही.” उरलेल्या तिघांत देऊन जास्त दिवस झालेला जितेंद्रच, पण त्याच्या फ्लॅटला कुलूप होतं, अख्खं बिऱ्हाड कोकणात लग्नाला गेलेलं. आणि क्षितिजाला काल रात्रीपासून ताप होता. ओठ पांढरे पडले होते, जिना चढल्यासारखी ती पडल्या पडल्या धापा टाकत होती.

आत टेबलावर स्वप्ना होती, रक्तपेढीतली मुलगी. फर्डिनंडला ती ओळखत होती. “काका, शेवटचं कधी दिलंत?”

“झाले की तीन महिने,” फर्डिनंड म्हणाला. चर्चमधली रविवारची मिस्सा न चुकवणारा माणूस, पण खोटं बोलताना त्याची जीभ अडखळली नाही. मनोरमा भिंतीकडे बघत राहिली.

स्वप्नाने त्याच्या बोटाला टोचलं. टेबलावर काचेच्या भांड्यात मोरचुदाचं निळं पाणी होतं. त्यात थेंब टाकायचा. रक्त दमदार असेल तर थेंब बुडतो, पातळ असेल तर वर राहतो. मनोरमाने हे इतक्यांदा पाहिलं होतं की अलीकडे ती बघतही नसे. आज ती उठून टेबलाशी आली.

थेंब पडला. जरासा खाली गेला. मनोरमाच्या तोंडून ‘जा, जा’ निघालं, विहिरीच्या कडेला गेलेल्या वासराला हाकलावं तसं. थेंब थांबला आणि वर आला.

“परत टाक,” फर्डिनंड म्हणाला.

दुसरा थेंबही वर आला. स्वप्नाने त्याची बाही हळूच सरकवली. कोपरातला काळानिळा डाग अजून पुरता गेला नव्हता.

“घे गं पोरी,” फर्डिनंड म्हणाला. “मला काय होत नाही. माझं मी बघतो.”

“तुमचंच नाही ना काका. असलं पातळ रक्त तिला चढवून काय उपयोग? आणि माझ्या हातात नाही ते.” स्वप्नाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण सुई तिने खणात ठेवून दिली.

बाहेर पायरीवर फर्डिनंडने चपला घातल्याच नाहीत. मनोरमाने पिशवीतून पुडा काढून त्याच्यापुढे धरला. त्याने हात मागे घेतला. “कशाबद्दल, वहिनी? काय दिलं मी?”

पुडा तसाच परत पिशवीत गेला.

क्षितिजा त्या शुक्रवारी गेली. चंद्रहासने बायकोला कधी दोष दिला नाही. एकदाच, तेही जेवताना, त्याने विचारलं, “तू मान का हलवलीस?” पुढे कधी विचारलं नाही. पण विचारलं ते विचारलंच. मनोरमाने केळी सुकवायची सोडून दिली. राजेळीचे घड झाडावर पिकत, पाखरं खात.

श्रावणात एका सकाळी फाटकाची कडी वाजली. फर्डिनंड उभा होता. इस्त्रीचा शर्ट, ताजी दाढी.

“वहिनी, आज माझे तीन महिने भरले,” तो म्हणाला. “सकाळपासून कुठं जावं कळेना. पाय इकडंच आले.”

मनोरमा ओट्यावर उभीच राहिली. त्याला शिव्या द्याव्यात, की त्याच्या गळ्यात पडून रडावं, तिला दोन्ही वाटलं. मग ती आत गेली. डब्यात तो शेवटचा पुडा होता, कडक झालेला. तो तिने पिशवीत घातला आणि पायात चपला सरकवल्या.

“जेवून आलात ना?”

“जेवलो.”

स्वप्नाने दोघांना पाहिलं आणि काहीच विचारलं नाही. पेशंट कोण, हेही नाही. तिने बोटाला टोचलं. या वेळी मनोरमा उठून टेबलाशी गेली नाही. आपल्या नेहमीच्या बाकावर, मांडीवर पुडा घेऊन, तिथूनच बघत राहिली.

थेंब निळ्या पाण्यात पडला आणि सरळ तळाशी गेला.