दोन चुली

झोपडपट्टी पाडून बिल्डर तिथे इमारत बांधणार आणि प्रत्येक कुटुंबाला एक खोली देणार, असं ठरलं तेव्हा वस्तीतले लोक आठवड्याभरात हुशार झाले. नियमच तसा होता: चूल वेगळी तर कुटुंब वेगळं, आणि कुटुंब वेगळं तर खोली वेगळी. मग ज्यांच्या घरात कधी पडदाही नव्हता त्यांनी मध्ये प्लायवूड ठोकलं. गळ्यात गळे घालून हिंडणारे भाऊ एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. सगळे एकाचे दोन करत होते. दोनाचं एक करणारी शहाणी सगळ्या वस्तीत एकच निघाली, आणि ती म्हणजे आयाबाई.

आयाबाई हे काही तिचं नाव नव्हे. तीस वर्षं इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होती, म्हणून आयाबाई. दुसऱ्यांच्या लेकरांना न्हाऊमाखू घालता घालता स्वतःची दोन कशी वाढली, ते तिला धड आठवत नाही. थोरला गॅरेजात मेकॅनिक, धाकटा फरशा बसवणारा. तेरा वर्षांपूर्वी पाण्याच्या पिंपावरून दोघांचं असं काही वाजलं, की घराच्या मधोमध पत्र्याची भिंत उभी राहिली. बाहेरचं दार एकच, पण आत दोन शेगड्या, दोन पिंपं आणि बोलणं बंद. काही सांगायचं झालं तर आईमार्फत. "त्याला म्हणावं, टीव्ही जरा हळू कर." पत्र्यापलीकडे ते आधीच ऐकू गेलेलं असायचं, तरी आयाबाई उठायची, पलीकडे जायची आणि निरोप सांगून यायची. ती एक महिना इकडे जेवायची, एक महिना तिकडे. बाहेर मात्र तिने याचा वास लागू दिला नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही सगळं ठाऊक होतं, एवढंच फक्त तिला ठाऊक नव्हतं.

सर्वेच्या दिवशी मुलं-सुना कामावर जाताना तिला बजावून गेली. आधी थोरला, मग धाकटा, दोघांनीही तेच सांगितलं. "आई, दोन घरं सांग हां." ती हो म्हणाली. पण सर्वेवाला दारात उभा राहिला आणि त्याच्या मागे अर्धी गल्ली माना उंचावून बघायला लागली, तशी तिने घाईघाईने धाकट्याची शेगडी उचलून खाटेखाली सरकवली आणि वर चादर सोडली.

"आजी, चुली किती?"

"एकच."

सर्वेवाला भला माणूस होता. त्याने पत्रा पाहिला, दोन पिंपं पाहिली, खाटेखालून डोकावणारी रबराची नळीही पाहिली. आवाज उतरवून म्हणाला, "अहो, घरोघरी मातीच्या चुली. लाजता कशाला? दोन लिहू का?"

'माझी मुलं वेगळी झाली' हे वाक्य तिने तेरा वर्षांत परक्या माणसापुढे एकदाही उच्चारलं नव्हतं. आताही तिची जीभ वळली नाही.

"माझी मुलं एकत्र आहेत," ती म्हणाली आणि पुढे केलेल्या यंत्रावर तिने अंगठा टेकवला. मान ताठ होती. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी तिला फार बरं वाटलं होतं.

यादी लागली तेव्हा घरातल्या सगळ्यांना एकाच तात्पुरत्या शेडमध्ये हलवलं होतं. यादीत एकच खोली होती, आयाबाईच्या नावावर. दोन्ही मुलं तिला बिल्डरच्या ऑफिसात घेऊन गेली, एक तिच्या उजवीकडून चालत, एक डावीकडून. कारकुनाने कागद फिरवून तिच्यापुढे धरला.

"अंगठा तुमचाच ना, आजी?"

"माझाच."

"मग आता आम्ही काय करणार?"

परत येताना कोणी तिला टाकून बोललं नाही. दोघांनी आरडाओरडा केला असता तर तिलाही रडता आलं असतं. रात्री ताट पुढे आलं, ती जेवली. चव लागली नाही, पण वाढलेलं सगळं संपलं. पुढची तीन वर्षं अशीच गेली. इमारतीचे मजले चढत होते, लोक मोजत होते, आणि ती कोणी बोट दाखवलं की तिकडे बघायची.

खोली मिळाली पाचव्या मजल्यावर. दहा पावलं लांब, आठ रुंद, ओट्यावर एका शेगडीची जागा. त्यात दोन संसार, चार मुलं आणि एक म्हातारी. धाकट्याने सवयीने फरशी टाचेने ठोकून पाहिली. मग तो थोरल्याकडे वळला आणि सोळा वर्षांनी थेट त्याच्याशी बोलला.

"भाड्याने देऊ या. निम्मं तुझं, निम्मं माझं. आपापलं बघू."

"चालेल," थोरला म्हणाला.

संपलं. एवढंच ऐकायला तिने सोळा वर्षं निरोप वाहिले होते. आनंद होईल म्हणून ती जरा वेळ थांबली. काहीच झालं नाही.

"आणि मी?" तिने विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "तुला इथेच राहावं लागेल, आई," थोरला म्हणाला. "दहा वर्षं भाड्याने द्यायची बंदी आहे. तपासणीला कोणी आलं, तर जिच्या नावावर घर आहे ती घरात दिसायला हवी." धाकटा म्हणाला, "भाडेकरू चांगले आहेत. मी बघून आलोय." भाऊ भावाला दुजोरा देत होता.

रविवारी भाडेकरू आले. नवरा-बायको आणि कडेवर मूल. आयाबाईने आपली खाट उभी करून भिंतीला लावली आणि ओट्याखाली अंथरूण घातलं. मुलांनी सामान चढवायला हात लावला, किल्ली दिली आणि दोघं एकाच रिक्षाने गेले.

नवी बाई संकोचून तिच्याजवळ आली. "आजी, ते तपासणीवाले आले आणि विचारलं, तर तुम्ही आमच्या कोण म्हणून सांगू?"

आयाबाईने तिच्या कडेवरचं मूल सवयीने आपल्या हातांत घेतलं, मानेखाली पंजा देऊन.

"सासू म्हणून सांग," ती म्हणाली. "म्हणावं, आमचं एकत्रच आहे."