मुंग्यांत हरवलेले ओठ

मी एक जुना संगणक आहे. माझ्यावर घातलेल्या प्लास्टिकच्या आवरणाखाली एक आंतरदेशीय पत्र चार वर्षे पडून होते. धसईच्या बाईजाबाईंनी ते पाठवले होते आणि त्याला उत्तर गेले नव्हते. त्या पत्राचे वजन मला कधी जाणवले नाही. मला काहीच जाणवत नाही. पण मित्रांनो, घडलेले माझ्यात साठून राहते, म्हणून सांगतो.

माझे भाग कुठे तयार झाले ते मला ठाऊक नाही. मुंबईत कोणीतरी ते एका डब्यात जोडले आणि १९९९ साली गोधडीत गुंडाळून मला शहापूरला आणले. जैतूचे तिथे व्हिडिओ शूटिंगचे दुकान होते. शहापूर-मुरबाडकडची लग्ने तो कॅमेऱ्यात घेई. लोकांना तेव्हा कॅसेटऐवजी सीडी हवीशी वाटू लागली होती. कॅसेटची सीडी करणे हे माझे काम ठरले.

हे काम कसे चालते ते सांगतो. चित्रफीत म्हणजे एकामागून एक पळणारी चित्रे. ती सगळी जशीच्या तशी सीडीत मावत नाहीत. म्हणून मी एक चित्र पूर्ण लिहून ठेवतो. पुढच्या चित्राचे लहान लहान चौकोन पाडतो आणि प्रत्येक चौकोन आधीच्या चित्रात कुठे होता तेवढेच लिहितो. नवरीचा हात वर गेला, तर हात पुन्हा काढायचा नाही, तो कुठून सरकला एवढेच नोंदवायचे. पण तो कुठून सरकला हे शोधायला चौकोन आजूबाजूच्या प्रत्येक जागी ठेवून पाहावा लागतो. माझे आयुष्य या शोधण्यातच गेले.

मी फार हळू होतो. “मास्तर, तुमचा डबा अजून पहिल्याच मंगलाष्टकात हाय,” जैतू म्हणायचा. “तिकडं नवरीला पोरगा व्हायची येळ आली!”

मास्तर म्हणजे ज्ञानेश्वर मास्तर. शाळेत गणित शिकवून ते निवृत्त झाले होते. जैतू त्यांचा जुना विद्यार्थी. मास्तर दुकानाच्या कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसत. गिऱ्हाईक आले की पुस्तक तोंडासमोर आणखी वर धरीत. माझा आतला हिशेब त्यांनी हळूहळू बदलला. सगळीकडे शोधू नकोस, असे त्यांनी मला शिकवले. आधी लांबलांबच्या थोड्या जागा बघ, त्यांतली जी सगळ्यांत जुळती वाटेल तिच्याभोवती पुन्हा बघ. शेजारचे चौकोन जिकडे गेले, तिकडे पहिल्यांदा बघ. वरात चालली की तिच्यातले सगळे चौकोन एकाच दिशेने जातात, त्यामुळे हे बरोबर जमे. अक्षता उडाल्या की मात्र मी गोंधळून जाई, कारण प्रत्येक दाण्याची वाट वेगळी.

शेवटची युक्ती सगळ्यांत मोठी होती. जुन्या कॅसेटवर मुंग्या दिसतात, पांढरे ठिपके नुसते थरथरत असतात. त्यांच्यामागे धावण्यात माझा वेळ फुकट जाई. मास्तरांनी सांगितले, फरक अगदी थोडा असेल तर चौकोन हललाच नाही असे धर आणि पुढे जा.

मी झपाट्याने काम करू लागलो. जैतूने सगळ्यांना भजी आणली. “बरोबर असेल ना रे हे?” मास्तर पुन्हा पुन्हा विचारीत होते.

“लोकं खूश हायत. अजून काय पायजे तुमाला?”

मग ते पत्र आले. बाईजाबाईंनी सांगितले होते आणि त्यांच्या मुलीने, नम्रताने, लिहिले होते. ‘मास्तर, सीडी पोचली. चित्र झकास हाय. पण माझ्या लग्नात बायका धवळे म्हनत होत्या तवा बाबा खुर्चीत बसलेत, त्यांचे ओठ हालत नाय. ती बायकांची गानी, बाप्या मानसानं मोठ्यानं कशी म्हनायची? म्हनून ते ओठातल्या ओठात म्हनायचे. कॅसेटीत दिसायचं. आता बाबा ऱ्हायले नाय. आई रोज सीडी लावते नि बघत बसते. तेवढं करून द्या.’

देवराम हे त्या बाबांचे नाव. त्यांचे ओठ इतके थोडे हलत होते की मी त्यांना मुंग्यांत धरले होते.

मास्तरांनी पत्र वाचले आणि माझ्या आवरणाखाली सरकवले. सीडी झाली की लोक जुनी कॅसेट दुकानातच सोडून जात आणि तिच्यावर जैतू दुसरे लग्न भरीत असे. ही कॅसेटही तशीच गेली असेल, असे ते धरून चालले. विचारायचे धाडस त्यांना झाले नाही. त्यांचे दुकानात येणेही कमी झाले.

पुढे जैतूने नवा संगणक घेतला. माझ्यावर धूळ बसली, आणि मग हिशेबाच्या वह्या. २००६ साली दुकान हलवायचे ठरले, तेव्हा मला भंगारात देण्याआधी जैतूने मास्तरांना बोलावले. आवरण काढताच पत्र खाली पडले. जैतूने ते उचलून वाचले.

“मास्तर, हे मला दाखवलं का नाय?”

मास्तर म्हणाले, “ती कॅसेट पुसली गेली असेल म्हणून...”

“ती? तिची झडप मोडलीय. मशीनमधी अडकते म्हनून भरलीच नाय. माळ्यावर हाय.”

त्याने झडप चिकटवली. “नव्या मशीनवर घेऊ, घटकेत होईल.”

“त्याच्या आतलं मला बदलता येत नाही,” मास्तर म्हणाले. “याच्यावरच करतो.”

धवळ्यांच्या तेवढ्या भागासाठी त्यांनी माझ्या सगळ्या युक्त्या काढून टाकल्या. पुन्हा मी प्रत्येक चौकोन प्रत्येक जागी ठेवून पाहिला. माझा पंखा घरघरत होता. पडद्यावर मुंग्याही आल्या आणि त्यांच्यात देवरामांचे ओठ हलले. जैतू एकदाही थट्टेने बोलला नाही.

मित्रांनो, तुम्ही माझ्यापेक्षा फार वेगवान यंत्रे वापराल. वेळ जरूर वाचवा. फक्त जे फार थोडे हलते, ते हललेच नाही असे ठरवण्याआधी एकदा नीट बघा.

मास्तरांनी कार्डावर दोनच ओळी लिहिल्या. ‘उशीर झाला. ओठ हलतात.’ मग सीडी आणि कार्ड पाकिटात घालून ते पोस्टाकडे निघाले. दारातून परत आले, पाकीट उघडून कार्ड पुन्हा वाचले.

“चला, मी येतो संगं,” जैतू म्हणाला.

दुपारी तो एकटाच परत आला. “गेलं एकदाचं,” तो मला म्हणाला की स्वतःला, ते मला कळले नाही. “शिक्का पडलेला बघूनच आलो.”

मग त्याने माझी वायर काढली.