पाण्याखाली ब्रेक

मास्तरांनी जन्मभर मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवलं. शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवून, आवाज टिपेला लावून त्यांनी अर्ध्या गावाला गाडी शिकवली. बायकोला तेवढी नाही. ती स्टिअरिंगवर बसली की पहिल्याच वळणावर हे असे खेकसायचे, की ती बिचारी डोळे पुसत उतरायची आणि चालत घरी जायची. शेवटी तिनं नादच सोडला.

आणि अशा या जोडप्याची मुलगी काय झाली, तर लोकांना पाण्याखाली बुडी मारायला शिकवणारी! पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, वर आणखी पाण्याखालची स्कूटर. स्कूटर कसली, दोन्ही हातांत धरायचा पंखावाला डबा तो. खटका दाबला की ओढत नेतो, सोडला की थांबतो. आईनं हट्टच धरला, मला समुद्राखाली जायचंय. मुलीनं बजावलं, आज पोहण्याच्या तलावात जमलं तर उद्या समुद्र, आणि जायचं ते जोडीनं. झालं, मास्तरांना जावं लागलं. बरं, स्कूटर आईच्या हातात, आणि हे मागे तिची टाकी धरून लोंबकळलेले.

पाण्यात शिरताच मास्तरांना कळलं, तोंडात नळी असली की ओरडता येत नाही. खेकसायला गेले, तर नुसते बुडबुडे. बायको आपली मजेत चालली होती. समोर भिंत दिसली मात्र, मास्तरांचा उजवा पाय सवयीनं खाडकन खाली गेला. पण त्या पायात होता हातभर लांब रबरी पंजा. तो मारला की माणूस थांबतो थोडाच? मास्तर जितका ब्रेक दाबत, तितके दोघं जोरात पुढे जात, आणि वेग वाढला म्हणून हे आणखी दाबत. बायकोनं शांतपणे खटका सोडला, अंग वळवलं आणि खांदा भिंतीला टेकवला. तरी यांचा पाय चालूच. शेवटी मुलीनं येऊन तो दोन्ही हातांनी धरला.

वर आल्यावर तिनं निकाल सांगितला. आई पास, बाबा नापास. आईला म्हणाली, उद्या तुझ्याबरोबर मी येते, नाहीतर बाबांचा सराव होईपर्यंत थांब. मास्तर निर्धास्त होते. ती थांबणार, आजवर थांबतच आली होती.

"उद्याच जाऊ," ती मुलीला म्हणाली. "यांना बरोबर घेऊन चालवताना आज पहिल्यांदा मला रडू आलं नाही. यांना बोलता येत नव्हतं ना."

ती रागानं बोलली नव्हती, चांगली हसून बोलली होती. मास्तरांना ते फार लागलं. त्यांनी टॉवेल डोक्यावर घेतला आणि केस कोरडे झाले तरी पुसतच राहिले.