मानाचा खांदा

मावळात कुणाचं हाड मोडलं की आधी डॉक्टर आणि मग तेजल वाळुंज, हा क्रम लोकांना पाठ होता. वडगावच्या कोर्टात तिचे केस पांढरे झाले ते अपघाताच्या दाव्यांवर. पाय गेला तर काय मिळतं, बोटं गेली तर काय, हे ती झोपेतही सांगेल. साक्षीच्या आदल्या दिवशी ती अशिलाला लंगडायलाही शिकवायची, खऱ्या लंगड्यालासुद्धा. "दुखणं तुमचं असलं तरी जज्जसाहेबांना ते दिसायला नको का?"

तिकोणा पेठेच्या केरबाला शिकवायची गरजच नव्हती. पवनेच्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाडीनं त्याला मागून उडवलं होतं. कण्यात धातूच्या पट्ट्या बसल्या, शेतातलं काम सुटलं. तरी सवयीनं तिनं बजावलं, "निकाल लागेपर्यंत पाण्याचा हंडासुद्धा उचलायचा नाही. हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असतो."

"न्हाई उचलत, ताई."

शब्दाचा पक्का. हंडा नाहीच उचलला. जत्रेत पालखी उचलली.

गाडीच्या विमा कंपनीच्या वकिलांनी उलटतपासणीत तो व्हिडिओ लावला. गुलाल, ढोल आणि पालखीच्या पुढच्या दांड्याखाली केरबा, अगदी ताठ. "कणा बरा झालेला दिसतोय," वकील गोड आवाजात म्हणाले. मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

जेवणाच्या सुट्टीत तेजलनं त्याला व्हरांड्यात गाठलं. "मी काय सांगितलं होतं?"

"हंडा नको म्हनलात. पालखी देवाची हाय, ताई. ती कुटं कामात धरत्यात?"

"उचलली कसली डोंबलाची!" त्याची बायको नंदाबाई फटकन म्हणाली. "नुसता दांड्याला टेकला व्हता. भार सगळा पप्पूनं घेतला, ह्यांच्या चुलतभावानं. घरी आल्यावर कुशीवर वळता येईना. न्हाऊ मीच घालत व्हते."

तेजलचा जीव भांड्यात पडला. "मग झालं तर! भार कुणाच्या खांद्यावर होता, असं मी विचारते. तुम्ही पप्पूचं नाव सांगायचं."

केरबानं नकाराची मान हलवली. पालखीच्या पुढच्या खांद्याचा मान त्याच्या घराचा, आज्याच्या आधीपासूनचा. त्याच्यानं होत नाही असं एकदा ठरलं की तो मान पप्पूच्या घरात जाणार.

"मघाशी हसला त्यो पप्पूच," तो म्हणाला. "तेच ऐकायला आलाय."

"तो हसू दे. त्यालाच साक्षीला घेते, आनंदानं सांगेल."

"तेला पिंजऱ्यात उभा केलात तर माजं वकीलपत्र परत द्या."

"केरबाभाऊ, घर कशावर चालवणार?"

"ठाव हाय मला."

सुट्टीनंतर तिनं तरीही विचारलं. दुसरं हातात होतंच काय? "पालखीचा भार कुणाच्या खांद्यावर होता?"

केरबानं काठी बाजूला टेकवली, हात मोकळे केले.

"माज्या. समदा माज्याच."

"नीट आठवून सांगा. दुसऱ्या कुणाचा आधार नव्हता?"

उत्तर सुचवणाऱ्या असल्या प्रश्नाला एरवी कंपनीचे वकील ताडकन हरकत घेतात. आज त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"कुनाचा न्हाई."

साहेब इतकी वर्षं तेजलच्या अशिलांचं लंगडणं बघत आले होते आणि निम्मं मनातल्या मनात वजा करत आले होते. हा पहिलाच ताठ उभा राहिला, आणि त्याच्यावर त्यांचा तिथल्या तिथं विश्वास बसला. त्याच्या कपाळावरचा घाम दिसला तो फक्त तेजलला.

बाहेर पप्पू गाडीपाशी उभा होता. "चल भाऊ, घरी सोडतो."

"तू हो फुडं. मी येतो बसनं."

पप्पूची गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत केरबा पायरीवर तसाच उभा. मग म्हणाला, "नंदे, धर गं."

"मानकरी ना तुमी? उतरा की." नंदाबाईनं पिशवी उचलली आणि मागं न बघता स्टँडकडं चालू लागली.

तेजल हात पुढे करून दोन पायऱ्या खाली आली.

"तुमी नका, ताई," केरबा दातावर दात दाबत म्हणाला. "लोकं बघत्यात."