चार तासांवरची दुबई

नबीसूने नवऱ्याच्या तोंडावरची चादर जराशी सरकवली, माशी हाकलली आणि पुन्हा नीट झाकली. अंगणात जनाजा तयार होता. कबर सकाळीच खणून झाली होती. खोळंबा होता तो एकट्या लेकाचा, शमसूचा.

थोरले दीर कुंजाली इक्का दारापाशी येऊन पुन्हा विचारून गेले. मय्यत इतका वेळ घरात ठेवू नये, असं मशिदीतले मुसलियारही म्हणाले होते. पण पहाटे लेकाचा फोन आला होता, दुपारच्या विमानात बसतोय, थांबा. मग सगळे थांबले. ओसरीवर म्हाताऱ्या सैदूने हिशेबही मांडला. दुबईहून आपल्या करिपूरच्या विमानतळावर चार तास. आपल्याला तिरुवनंतपुरम गाठायचं तर अख्खा दिवस मोडतो. दुबई म्हणजे आपलं परसदार.

"माझी लेक डोंगरापलीकडे दिलीय, तिला माहेरी यायला याहून जास्त वेळ लागतो," तो म्हणाला. दोघे-तिघे हसले, आणि घरात मय्यत आहे हे आठवून गप्प झाले.

तिसऱ्या प्रहरी असरची बांग झाली. एव्हाना विमान निम्म्या समुद्रावर असणार. नबीसू आतल्या खोलीत गेली आणि तिने दार लोटून घेतलं. विमानात फोन बंद ठेवतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लागू नये, अशी दुवा करतच तिने शमसूला फोन लावला.

घंटा वाजली. वाजतच राहिली.

"उम्मा," शमसू म्हणाला. त्याच्या मागे कुकरची शिट्टी झाली.

मग त्याने सांगितलं. व्हिसा कधीचाच संपला होता. तो लपून राहत होता. विमानतळाच्या दारापर्यंत गेला, पण आत गेलो तर धरतील म्हणून मागे फिरला. थांबू नका म्हणायला सकाळपासून जीभच उचलत नव्हती.

"फोन ठेवू नकोस," ती म्हणाली.

फोन ओढणीखाली धरून ती दाराशी आली.

"इक्का, उचला आता. शमसूचं विमान चुकलं. तोच म्हणाला, उप्पांना माझ्यासाठी अडकवून ठेवू नका."

कुंजाली इक्कांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग अंगणातल्या पुरुषांना आत यायची खूण केली.

"पोरगं शहाणं निघालं," सैदू उठता उठता म्हणाला.

पुरुषांनी जनाजा खांद्यावर घेतला. कलमा पुटपुटत सगळे फाटकाबाहेर पडले. बायकांनी मागे जायचं नसतं. नबीसू खिडकीशी उभी राहिली आणि फोन तिने गजांबाहेर धरला. आवाज नारळीच्या झाडांआड विरत गेला, तसा तिने फोन परत कानाला लावला.

"कुठवर पोचले, उम्मा?"

"साकवावर. खांदा बदलतायत," ती म्हणाली. "तू मागे राहू नकोस, बाळा. चल त्यांच्याबरोबर."